सांडपाण्यावर सिंचन: लाभ, जोखीम आणि जमिनीचा हिशेब

शहराच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांत उन्हाळ्यातही हिरवीगार शेते दिसतात. विहिरी आटल्या, कालव्याचे आवर्तन लांबले, तरी नाला वाहतच असतो आणि त्यावरील मोटारी चालूच असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अंदाजानुसार देशातील नागरी भागांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लीटर मैलापाणी निर्माण होते. त्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २०,२३६ दशलक्ष लीटरवर, म्हणजे जेमतेम २८ टक्के पाण्यावर. उरलेले पाणी नाले, ओढे व नद्यांना मिळते आणि त्यातील मोठा वाटा पुढे उपसा सिंचनाने शेतात पोहोचतो. सांडपाणी शेतीला वापरावे की नाही, हा प्रश्न त्यामुळे अनेक ठिकाणी मागे पडला आहे. ते वापरले जातच आहे. कोणते सांडपाणी, कोणत्या पिकाला, कोणत्या पद्धतीने आणि किती वर्षे वापरता येईल, हे ठरविणे आता आवश्यक आहे.

या निर्णयासाठी एक भेद मनात पक्का असावा लागतो. सांडपाण्यातील रोगजंतू धोकादायक असतात. परंतु ऊन, काळ, प्रक्रिया आणि योग्य सिंचन पद्धती यांनी ते कमी करता येतात. सांडपाण्यातील क्षार व जड धातू मात्र जमिनीत साचत जातात. क्षार उत्तम निचरा असल्यास काही प्रमाणात धुऊन काढता येतात. जड धातू एकदा मुरले की व्यवहारतः ते तेथेच राहतात. म्हणून पहिला प्रश्न पाण्याच्या वासाचा किंवा रंगाचा नसून त्याच्या उगमाचा असतो.

सांडपाण्याचे प्रकार

शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘गटाराचे पाणी’ या एकाच शब्दात अनेक प्रकारची पाणी सामावलेली असतात. पहिला प्रकार प्रक्रिया न केलेल्या घरगुती मैलापाण्याचा. त्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या अल्प भागात सेंद्रिय पदार्थ, अन्नद्रव्ये, साबण व धुण्याच्या पावडरीतील क्षार आणि रोगजंतू असतात. दुसरा प्रकार प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याचा. त्यातील सेंद्रिय भार व तरंगते घनपदार्थ बरेच कमी झालेले असतात. परंतु विरघळलेले क्षार जवळजवळ तसेच राहतात. तिसरा प्रकार कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या सांडपाण्याचा. यात विद्युत विलेपन, चामडे कमावणे, रंगकाम, विद्युत घट इत्यादी उद्योगांतील धातू व रसायने येऊ शकतात. चौथा प्रकार नदी, तलाव किंवा कालव्यात मिसळून सौम्य झालेल्या सांडपाण्याचा. हा अप्रत्यक्ष वापर सर्वाधिक प्रचलित आहे आणि आपण सांडपाणी वापरत आहोत याची जाणीवही तेथे अनेकदा नसते.

देशात या सर्व प्रकारांची उदाहरणे आहेत. हैदराबादच्या खालच्या बाजूस मुसी नदीकाठी पॅरा गवत व भात या पाण्यावर घेतले जातात आणि ते गवत शहरातील दुभत्या म्हशींना जाते. पुण्यात मुळा-मुठेतील पाणी मुंढवा येथील जॅकवेलमधून उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे परिचित ‘बेबी कालव्यात’ सोडले जाते व हवेली, दौंड परिसरातील शेतीला मिळते. कर्नाटकात बंगळूरचे प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जात आहे. तेथे हेतू थेट सिंचनापेक्षा भूजल पुनर्भरणाचा आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडील सुमारे १२,५०० हेक्टरच्या पाणथळ प्रदेशात मैलापाणी उथळ तळ्यांत ऊन व शैवाल यांच्या साहाय्याने निवळते, त्यावर मासे वाढतात आणि बाहेर पडणारे पाणी भातशेतीला मिळते. या प्रदेशाला २००२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या प्रत्येक ठिकाणी लाभ व जोखीम यांचे गणित वेगळे आहे.

लाभ: शाश्वत पाणी आणि विरघळलेले खत

पहिला लाभ म्हणजे पाण्याची शाश्वती. पाऊस कमी झाला तरी शहराचे पाणी वापरणे थांबत नाही. त्यामुळे सांडपाण्याचा प्रवाह वर्षभर साधारण सारखा राहतो. शहरालगतचा अल्पभूधारक त्यामुळे वर्षातून दोन-तीन पिके घेऊ शकतो व चाऱ्यासारखे रोजचे उत्पन्न देणारे पीक उभे करू शकतो.

दुसरा लाभ अन्नद्रव्यांचा. त्याचा हिशेब सोपा आहे. एक हेक्टर क्षेत्रावर १० सेंटिमीटर पाणी दिले म्हणजे १,००० घनमीटर पाणी दिले. पाण्यातील कोणत्याही घटकाचे प्रमाण दर लीटरला जितके मिलिग्रॅम, तितकेच किलोग्रॅम तो घटक या १० सेंटिमीटर पाण्यातून हेक्टरी पडतो. उदाहरणादाखल, एखाद्या पाण्यात दर लीटरला ३० मिलिग्रॅम नत्र, ६ मिलिग्रॅम स्फुरद (मूलद्रव्य स्वरूपात) आणि २० मिलिग्रॅम पालाश (मूलद्रव्य स्वरूपात) आहे असे धरू. पिकाच्या हंगामात एकूण ५० सेंटिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी १५० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश जमिनीत जाते. खताच्या परिभाषेत ही मात्रा सुमारे ३२५ किलो युरिया, ६९ किलो पी-टू-ओ-फाइव्ह व १२० किलो के-टू-ओ यांच्या बरोबरीची होते. यांपैकी सर्व नत्र पिकाला मिळत नाही. काही हवेत उडून जाते, काही खाली झिरपते. तरीही एवढी अन्नद्रव्ये खताच्या नियोजनात धरली नाहीत, तर तो दुहेरी तोटा ठरतो.

तिसरा लाभ जमिनीच्या सेंद्रिय कर्बाचा. दिल्लीच्या केशोपूर परिसरात मैलापाण्यावर दीर्घकाळ भिजलेल्या जमिनींचा अभ्यास भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. कूपनलिकेच्या पाण्यावरील शेजारच्या जमिनींच्या तुलनेत मैलापाण्यावरील जमिनींत सेंद्रिय कर्ब ३८ ते ७९ टक्क्यांनी अधिक आढळला. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू पुढे येईल.

याखेरीज जेवढे सांडपाणी शेतीत योग्य रीतीने मुरते, तेवढा नदीवरील भार घटतो आणि धरणातील गोडे पाणी पिण्यासाठी मोकळे होते. मात्र प्रक्रिया केलेल्या पाण्यावर आता उद्योगांचाही हक्क आहे. नागपूर शहराचे असे पाणी कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते. म्हणून प्रक्रिया केलेले पाणी शेतीला कायम व फुकट मिळत राहील, असे गृहीत धरून दीर्घ मुदतीची गुंतवणूक करू नये.

नत्र अधिक झाल्यास

रासायनिक खत शेतकरी पिकाच्या गरजेच्या वेळी देतो. सांडपाणी मात्र प्रत्येक पाळीत नत्र देते, पिकाला हवे असो वा नसो. परिणामी पीक माजते. भात व गहू लोळतात, कपाशीत फांद्या-पाने वाढतात व बोंडे उशिरा पक्व होतात, बटाटा व टोमॅटोत पाला वाढून माल उशिरा तयार होतो. उसात पक्वतेच्या काळात नत्र मिळत राहिल्यास रसातील साखर घटते. लुसलुशीत वाढीवर रसशोषक किडींचा प्रादुर्भावही अधिक होतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचन पाणी मार्गदर्शिकेत दर लीटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नत्र असलेले पाणी संवेदनक्षम पिकांसाठी तीव्र मर्यादेचे मानले आहे.

यावर तीन उपाय करावेत. पाण्याच्या तपासणीतून येणारे नत्र खताच्या शिफारशीतून वजा करावे व उरलेलीच मात्रा द्यावी. फुलोऱ्यानंतर व पक्वतेच्या काळात शक्य असेल तेथे विहिरीचे पाणी द्यावे किंवा दोन्ही पाणी मिसळून वापरावे. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरते. म्हणून अशा क्षेत्रातील पिण्याच्या विहिरीचे पाणी वर्षातून एकदा तपासावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा दर लीटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या बाळांना विशेष अपायकारक असते.

रोगजंतूंची जोखीम

मैलापाण्यात विषमज्वर, पटकी, हगवण व कावीळ यांचे जंतू आणि जंतांची अंडी असतात. १९७० मध्ये जेरुसलेममध्ये उद्भवलेल्या पटकीच्या साथीचा संबंध मैलापाण्यावर पिकविलेल्या व कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीशी जोडला गेला. जोखीम तीन गटांना असते: शेतात राबणारे शेतकरी व मजूर, शेतालगत राहणारी कुटुंबे, आणि तो माल खाणारे ग्राहक.

जीवाणू उघड्या उन्हात काही दिवसांत कमी होतात. जंतांची अंडी चिवट असतात. गोलकृमीची अंडी ओलसर मातीत अनेक महिने टिकतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात व रक्तक्षय घडवितात. चिखलात वाकून खुरपणी करणाऱ्या स्त्रिया आणि बांधावर खेळणारी मुले यांना हा धोका सर्वाधिक असतो. फीतकृमीची अंडी पालेभाजीवाटे पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. शाकाहारी व्यक्तीही त्यातून सुटत नाही. क्लोरीन दिल्याने जीवाणू मरतात, पण जंतांची अंडी मरत नाहीत. ती काढण्यासाठी पाणी स्थिर ठेवून निवळू देणेच प्रभावी ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या सिंचनासाठी दर १०० मिलिलीटर पाण्यात १,००० पर्यंत विष्ठाजन्य कोलीफॉर्म आणि दर लीटरला जास्तीत जास्त एक जंताचे अंडे अशी मर्यादा सुचविली होती. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिने दृष्टिकोन विस्तारला: सर्व भार प्रक्रिया केंद्रावर न टाकता, शेतापासून ताटापर्यंत अनेक अडथळे उभे करावेत आणि त्यांची बेरीज पुरेशी व्हावी. या अडथळ्यांची ताकद साधारण अशी मानली जाते:

• उंच वाढणाऱ्या पिकाला ठिबक सिंचन: जंतूंचा संपर्क दहा हजार पटीने कमी.
• जमिनीलगत वाढणाऱ्या पिकाला ठिबक सिंचन: शंभर पटीने कमी.
• शेवटची पाळी व काढणी यांतील प्रत्येक कोरडा दिवस: ऊन व हवामानानुसार सुमारे तीन ते शंभर पटीने कमी.
• स्वच्छ पाण्याने धुणे: दहा पटीने कमी.
• साल काढणे: शंभर पटीने कमी.
• पूर्ण शिजविणे: दहा लाख पट वा त्याहून अधिक कमी.

या यादीतून विस्तार कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मोठे प्रक्रिया केंद्र गावाच्या हाती नसते. ठिबकची नळी, शेवटच्या पाळीनंतरचा विसावा आणि माल धुण्याचे स्वच्छ पाणी मात्र शेतकऱ्याच्या हाती असते. उलट, आठवडाभर पाणी तोडून काढलेली मेथी बाजारात नेण्याआधी त्याच नाल्यात धुतली, तर सर्व अडथळे एका क्षणात कोसळतात.

क्षार व सोडियमची जोखीम

घरगुती वापरात पाण्यात मीठ, साबण व धुण्याच्या पावडरीतील सोडियमची भर पडते. त्यामुळे शहराला पुरविलेल्या पाण्यापेक्षा शहरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची विद्युत वाहकता नेहमीच अधिक असते. विद्युत वाहकता दर मीटरला एक डेसिसायमन असलेल्या पाण्यात दर लीटरला सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. असे ५० सेंटिमीटर पाणी दिल्यास हेक्टरी ३.२ टन क्षार जमिनीवर येतात. चांगल्या पावसाच्या व निचऱ्याच्या जमिनीतून ते धुतले जातात. भारी काळ्या जमिनीत, जेथे निचरा मंद असतो, ते मुळांच्या थरात साठतात.

सोडियमचा परिणाम आणखी गंभीर असतो. त्याच्यामुळे चिकणमातीचे कण विलग होतात, भेगा व छिद्रे बुजतात, जमीन कोरडी असता कडक व ओली असता चिकट होते आणि पाणी मुरत नाही. महाराष्ट्रातील शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. मैलापाण्यातील तरंगता गाळ छिद्रे बुजविण्यात भरच घालतो. म्हणून काळ्या जमिनीच्या पट्ट्यात सांडपाणी वापरण्यापूर्वी विद्युत वाहकतेबरोबर सोडियम अधिशोषण गुणोत्तर व अवशिष्ट सोडियम कार्बोनेट यांची तपासणी अनिवार्य समजावी. पाणी मुरण्याचा वेग घटत असल्याचे दिसताच निचरा सुधारावा, माती परीक्षणानुसार जिप्सम द्यावे, धैंच्यासारखे हिरवळीचे पीक गाडावे आणि पावसाळ्यात सांडपाणी पूर्ण बंद ठेवून पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन जाऊ द्यावेत.

जड धातू: न दिसणारे कर्ज

केशोपूर परिसराच्या ज्या अभ्यासात सेंद्रिय कर्बाची वाढ दिसली, त्यातच २० वर्षे मैलापाण्यावर भिजलेल्या जमिनींत उपलब्ध स्वरूपातील जस्त २०८ टक्के, तांबे १७० टक्के, लोह १७० टक्के, निकेल ६३ टक्के व शिसे २९ टक्के अधिक आढळले. दहा वर्षे भिजलेल्या जमिनींत जस्त, लोह, निकेल व शिसे यांची वाढ लक्षणीय होती. पाच वर्षे भिजलेल्या जमिनींत फक्त लोहाची. या क्रमात मोठा इशारा आहे. पहिल्या पाच वर्षांच्या अनुभवावरून कोणी या पाण्याला निर्धोक ठरवील, तर ते घाईचे होईल.

धातूंचे वर्तन सारखे नसते. जस्त, तांबे व निकेल अति झाले तर पीकच पिवळे पडते, खुरटते. म्हणजे माणसापर्यंत पोहोचण्याआधी पीक इशारा देते. शिसे व क्रोमियम बहुतांशी मातीतच अडकून राहतात आणि माणसापर्यंत मुख्यतः पानांवरील धूळ-मातीवाटे येतात. कॅडमियमचे मात्र तसे नाही. पीक निरोगी व तजेलदार दिसत असतानाही ते पानांत साठते; पालकासारख्या पालेभाज्यांत विशेषतः. शरीरात ते मूत्रपिंडात दीर्घकाळ राहते. मॉलिब्डेनम चाऱ्यात वाढल्यास जनावरांत तांब्याची कमतरता उद्भवते. म्हणून पिकाच्या तेजावरून पाण्याची परीक्षा करता येत नाही.

कॅडमियमचा हिशेबही करून पाहावा. सिंचनाच्या पाण्यात त्याची सुचविलेली मर्यादा दर लीटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. या मर्यादेत राहूनही वर्षाला ५० सेंटिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी ५० ग्रॅम, म्हणजे २० वर्षांत एक किलो कॅडमियम जमिनीत येते. वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन हेक्टरी सुमारे २० लाख किलो धरले, तर मातीत दर किलोला अर्धा मिलिग्रॅमची भर पडते. बहुतेक जमिनींत कॅडमियमचे नैसर्गिक प्रमाणच एका मिलिग्रॅमहून कमी असते, हे लक्षात घेता ही भर किरकोळ नाही.

कारखान्यांचे पाणी मिसळले म्हणजे काय होते, याचे बोलके उदाहरण कानपूरजवळील जाजमऊचे आहे. तेथे चामडे उद्योगातील सांडपाणी व शहराचे मैलापाणी एकत्र करून प्रक्रिया केंद्रात नेले गेले आणि बाहेर पडणारे पाणी परिसरातील गावांना सिंचनासाठी मिळू लागले. पुढे त्या जमिनींत क्रोमियमचा साठा वाढल्याचे अभ्यासांतून दिसून आले आणि उत्पादन घटल्याच्या व त्वचाविकारांच्या तक्रारीही ग्रामस्थांकडून आल्या. प्रक्रिया केंद्रातून आलेले पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, असे समीकरण मांडता येत नाही, ते यामुळेच. घरगुती मैलापाण्यासाठी उभारलेली जैविक प्रक्रिया विरघळलेल्या क्षारांवर चालत नाही आणि धातूंवरही अंशतःच चालते. तिने वेगळे झालेले धातू गाळात जातात. त्यामुळे असा गाळ शेतात टाकण्यापूर्वी त्याचीही तपासणी हवी.

पिकांची निवड

पाण्याचा दर्जा जितका संशयास्पद, तितके पीक माणसाच्या ताटापासून दूर असावे, हा निवडीचा मूलमंत्र होय.

• उद्योगांचे पाणी मिसळल्याचा संशय असल्यास अन्नधान्य, भाजीपाला व चारा घेऊ नये. फुलशेती, कापूस किंवा इमारती व जळाऊ लाकडाची झाडे यांचाच विचार करावा आणि तोही जमिनीतील धातूंवर लक्ष ठेवून.
• घरगुती, परंतु प्रक्रिया न केलेले पाणी असल्यास कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या, म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडी, गाजर, कांदापात इत्यादी, घेऊ नयेत. वनशेती, कापूस, तुती व फुलशेती हे पर्याय अधिक योग्य.
• प्रक्रिया केलेले व घरगुती उगमाचेच पाणी असल्यास तृणधान्ये, ऊस, तेलबिया, शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या उंच भाज्या व फळझाडे घेता येतात. फळझाडांना तोडणीपूर्वी दोन आठवडे हे पाणी बंद करावे व खाली पडलेली फळे विक्रीस नेऊ नयेत.
• चारा पिकांना कापणीपूर्वी पाणी तोडावे, चारा उन्हात सुकवून द्यावा आणि ओल्या शेतात जनावरे चरावयास सोडू नयेत.

वनशेतीसाठी कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने विकसित केलेली पद्धत उपयुक्त आहे. सुमारे एक मीटर रुंद व अर्धा मीटर उंच वरंब्यांवर निलगिरी, पॉपलर, सुबाभूळ यांसारखी झाडे लावून मधल्या सरीत मैलापाणी सोडले जाते. जमीन, झाडांचे वय व हवामान पाहून दररोज हेक्टरी तीन ते दहा लाख लीटर पाणी अशा प्रकारे जिरविता येते. सरीत पाणी साचून राहणार नाही एवढेच सोडावे. भूजल उथळ असेल तेथे ही पद्धत टाळावी.

शेतावर करावयाच्या उपाययोजना

पाणी थेट नाल्यातून पिकाला न देता आधी तळ्यात घ्यावे. पाणी आठ ते दहा दिवस स्थिर राहिल्यास जंतांची अंडी तळाशी बसतात. त्यासाठी दोन किंवा तीन तळी आलटून-पालटून वापरावीत: एक भरत असताना दुसरे निवळत राहावे व तिसऱ्यातून सिंचन व्हावे. पंपाची फूटझडप तळाच्या गाळापासून वर, पण पृष्ठभागावरील तवंगाच्या खाली ठेवावी. तळ्यास कुंपण घालावे व लहान मुलांना दूर ठेवावे.

नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या प्रक्षेत्रावर ‘जलोपचार’ ही निसर्गाधारित प्रणाली दररोज सुमारे २२ लाख लीटर मैलापाणी शुद्ध करते. खडी-वाळूच्या थरांत लावलेल्या पाणकणीस या वनस्पतीच्या मुळांभोवती सूक्ष्मजीव ही क्रिया घडवितात आणि ते पाणी संस्थेच्या १३२ हेक्टर प्रक्षेत्राला उपयोगी पडते. विजेचा वापर अत्यल्प असल्याने याच तत्त्वावरील लहान प्रणाली ग्रामपंचायत किंवा पाणी वापर संस्थांनाही उभारता येतील.

सिंचनासाठी ठिबक पद्धतीला प्राधान्य द्यावे. वाळूची गाळणी व चकती गाळणी दोन्ही बसवाव्यात. ड्रिपरमध्ये शेवाळ व चिकटा साचतो, म्हणून नळ्यांची टोके दर आठवड्याला उघडून धुवावीत. ठिबक शक्य नसेल तेथे सरी-वरंबा पद्धत वापरावी, जेणेकरून पाणी पिकाच्या खाण्यायोग्य भागाला लागणार नाही. तुषार सिंचनाने बारीक थेंब वाऱ्याबरोबर वस्तीत व रस्त्यावर जातात, ते टाळावे. सपाट वाफ्यात पाणी तुंबवून देणे हे सर्वांत जोखमीचे.

काम करताना गमबूट व रबरी हातमोजे वापरावेत, शेतात जेवण व तंबाखू टाळावी, घरी परतताना साबणाने हातपाय धुवावेत. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट रोजी, १ ते १९ वर्षे वयोगटातील मुलामुलींना गोळी दिली जाते; या गावांतील एकही मूल त्यातून सुटणार नाही, हे आशा सेविका व कृषी सहायक यांनी मिळून पाहावे. प्रौढांनी आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने उपचार घ्यावेत.

काय तपासावे, केव्हा तपासावे

पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार सिंचनासाठी जमिनीवर सोडावयाच्या सांडपाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी दर लीटरला १०० मिलिग्रॅम, तरंगते घनपदार्थ २०० मिलिग्रॅम, तेल व स्निग्धांश १० मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक नसावेत आणि सामू ५.५ ते ९.० असावा. या सर्वसाधारण मानकांत विष्ठाजन्य जंतूंची मर्यादा नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रक्रिया केंद्राचा अहवाल या मानकांत बसला म्हणजे ते पाणी कोथिंबिरीला देण्यायोग्य झाले असे नव्हे.

शेतीच्या दृष्टीने जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मर्यादा अधिक उपयोगी आहेत. विद्युत वाहकता दर मीटरला ०.७ डेसिसायमनपर्यंत असल्यास निर्बंध नाही, ०.७ ते ३ दरम्यान काळजी घ्यावी, ३ पेक्षा अधिक असल्यास तीव्र मर्यादा समजावी. बोरॉनसाठी दर लीटरला ०.७ मिलिग्रॅमपर्यंत निर्बंध नाही. धातूंच्या मर्यादा दर लीटरला मिलिग्रॅममध्ये अशा: कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१०, आर्सेनिक ०.१०, निकेल ०.२०, तांबे ०.२०, जस्त २.०, शिसे ५.०. या मर्यादा वर्षाला १०० सेंटिमीटर सिंचन गृहीत धरून ठरविलेल्या आहेत. त्याहून अधिक पाणी देणाऱ्यांनी त्या त्या प्रमाणात कडक मानाव्यात.

पाण्याचे नमुने उन्हाळ्यात, जेव्हा प्रवाहात सौम्यता सर्वांत कमी असते, आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून किमान दोनदा घ्यावेत. उद्योगांचा संशय असल्यास एकाच दिवशी वेगवेगळ्या वेळी, विशेषतः रात्री व पहाटेही नमुने घ्यावेत. कारण अनधिकृत विसर्ग सहसा दिवसाउजेडी होत नाही. मातीची तपासणी सांडपाणी सुरू करण्यापूर्वी एकदा करावी व तो अहवाल जपून ठेवावा. पुढे दर दोन-तीन वर्षांनी त्याच जागी, त्याच खोलीवर नमुना घेऊन तुलना करावी. आरंभीचा अहवाल नसल्यास पुढील कोणत्याही आकड्याचा अर्थ नीट लागत नाही. नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन असतात. कॅडमियम, शिसे, निकेल व क्रोमियम यांची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते. कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेशी त्यासाठी संपर्क साधावा.

सामूहिक निर्णयाची गरज

नाल्याच्या पाण्याचा दर्जा एकट्या शेतकऱ्याच्या हाती नसतो. वरच्या बाजूला कोणता उद्योग काय सोडतो, प्रक्रिया केंद्र किती तास चालते, कालव्यात मिसळलेल्या गोड्या पाण्याचे प्रमाण किती, या गोष्टी विचारण्याचा व जाणून घेण्याचा अधिकार पाणी वापर संस्थांनी बजावला पाहिजे. केंद्रीय स्तरावर प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या सुरक्षित पुनर्वापराची राष्ट्रीय चौकट २०२२ मध्ये तयार झाली आहे. शेतीसाठी पाणी देताना त्याच्या दर्जाचा नियमित अहवाल गावास मिळावा, ही मागणी त्या चौकटीच्या आशयाशी सुसंगतच आहे. औद्योगिक सांडपाणी घरगुती मैलापाण्यापासून वेगळे ठेवणे, हा सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय होय. एकदा मिसळलेले धातू पुन्हा वेगळे करणे महाग पडते आणि शेतात पोहोचल्यावर जवळजवळ अशक्य होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावात जाताना बंदीचा उपदेश घेऊन जाऊ नये. ज्यांचा संसार या पाण्यावर चालतो, त्यांना पर्याय न देता ‘हे पाणी वापरू नका’ असे सांगितले, तर ते वापर थांबवीत नाहीत, केवळ सांगणे थांबवितात. त्याऐवजी गावाच्या नकाशावर पाण्याचा उगम, मिसळणारे नाले व त्यावरील पिके दाखवावीत. उद्योगांचे पाणी येणारा भाग वेगळा करावा. उर्वरित भागात तळे, ठिबक, पीकबदल व शेवटच्या पाळीचा नियम लागू करावा. आणि खतावरील बचत शेतकऱ्यास आकड्यांत दाखवावी. ती बचत हाच त्याला तपासणीचा खर्च करावयास लावणारा खरा आधार आहे.

सांडपाण्यातील नत्र एका हंगामात पिकाच्या कामी येते व जंतू काही दिवसांत नाहीसे होतात. कॅडमियम मात्र पुढच्या पिढीच्या सातबाऱ्याबरोबर जमिनीतच राहते. म्हणून या पाण्याची पहिली पाळी सोडण्यापूर्वी दोन बाटल्या पाणी व एक पिशवी माती प्रयोगशाळेत पोहोचलेली असावी.